कार्डावरचं लाल स्टिकर नेमकं काय सांगतं?

"ताई, लाल म्हणजे सिझर का?"

नऊ तारीख होती. नाशिकमधल्या एका सरकारी दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या मुलीनं मला हे विचारलं. मी भाचीच्या चेकअपला सोबत गेले होते. त्या मुलीला पाचवा महिना, पहिलटकरीण. हातात माता-बाल संरक्षण कार्ड आणि त्याच्या कोपऱ्यावर नुकतंच चिकटवलेलं लाल स्टिकर. सासूबाई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, "हाय रिस्क निघाली." निघाली! जणू आणलेल्या मालात खोट निघावी तशी. स्टिकर कशासाठी लावलं, हे दोघींपैकी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. रांग मोठी होती, हेही खरं.

मी कार्ड बघितलं. बी.पी. ठीक, हिमोग्लोबिन ठीक. उंचीच्या रकान्यात १३८. आपल्याकडच्या यादीत १४० सेंटिमीटरपेक्षा कमी उंची हा जोखमीचा एक निकष आहे. बाई ठेंगणी असेल तर कमरेच्या हाडांमधली बाळाची वाट अरुंद असू शकते, डोकं अडू शकतं, म्हणून. पण 'असू शकते' हे शब्द स्टिकरवर मावत नाहीत.

रंगांची ही पद्धत २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातली. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरकडून तपासणी होते आणि कार्डावर रंग लागतो. काही आढळलं नाही तर हिरवा, जोखीम दिसली तर लाल. कल्पना चांगली आहे. रात्री दोन वाजता अनोळखी दवाखान्यात कार्ड उघडणाऱ्या नर्सला एका नजरेत कळतं की इथे सावध राहायचंय. माझं भांडण स्टिकरशी नाहीच. एकदा रंग लागला की तिथे विचार थांबतो, त्याच्याशी आहे. जोखीम म्हणजे काय, ती कशी काढतात, आणि काढायची पद्धत अधिक चांगली कशी होऊ शकते, हे जरा उलगडून बघू.

जोखीम म्हणजे आजार नव्हे. जोखीम म्हणजे शक्यता, आणि शक्यता आकड्यात सांगता येते. नाशिक शहरात गंगापूर रोडच्या किंवा इंदिरानगरच्या घरांत हा आकडा हल्ली एका कागदावर येऊन पडतो. तिसऱ्या महिन्यातली 'डबल मार्कर' नावाची रक्ततपासणी. बाळाला डाऊन सिंड्रोम (बुद्धीची आणि शरीराची वाढ मंदावणारी जन्मजात स्थिती) असण्याची शक्यता त्यात '१:१८०' अशी लिहिलेली असते आणि शेजारी ठळक अक्षरांत 'हाय रिस्क'. घरात दोन दिवस चूल पेटत नाही. या १:१८० चा अर्थ एवढाच, की अशाच आकड्याच्या १८० बायका एका रांगेत उभ्या केल्या तर त्यांतल्या १७९ जणींच्या बाळांना डाऊन सिंड्रोम नसेल, एकीच्या असेल. आपण त्या १७९ मधल्या की ती एक, हे हा कागद सांगत नाही. पुढची तपासणी करावी का, याचा विचार करा, इतकंच तो सुचवतो. बऱ्याच ठिकाणी रेघ १:२५० वर मारलेली असते. रेघेच्या अलीकडे १:२४० आली की 'हाय', पलीकडे १:२६० आली की 'लो'. दोघींच्या शक्यतेत फरक जवळजवळ नाही, पण एकीच्या घरी पेढे आणि दुसरीच्या घरी रडारड. रेघ माणसांनी मारलेली असते, कारण कुठेतरी मारावीच लागते.

आता यादीकडे वळू. गरोदर बाईची जोखीम ठरवण्याची जुनी आणि अजूनही सगळीकडे चालणारी पद्धत यादीचीच आहे. वय फार कमी किंवा जास्त, उंची कमी, आधीचं सिझर, जुळं, बाळ आडवं, रक्तगट निगेटिव्ह, बी.पी., शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन ७ च्या खाली. एखाद्या रकान्यात टिक पडली की लाल. यादी स्वस्त असते, लवकर भरून होते, उपकेंद्रात एकट्या नर्सबाईला वापरता येते. हा तिचा मोठा गुण आहे आणि शहरात बसून त्याला नाक मुरडू नये.

पण यादीला वजन कळत नाही. पस्तिशी नुकतीच ओलांडलेली धडधाकट बाई आणि मागच्या खेपेला झटके येऊन मरता मरता वाचलेली बाई, दोघींना टिक एकच. शिवाय यादी प्रत्येक गोष्ट सुटी बघते. थोडं वजन जास्त, थोडं बी.पी. वरच्या बाजूला, आईलाही गरोदरपणात बी.पी. झालेलं. यातलं एकेक घेतलं तर रेघेच्या आत, म्हणून टिक नाही. तिन्ही मिळून मात्र चित्र वेगळंच उभं राहतं.

आपल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं समजवावं लागणार नाही. नुसतं आभाळ आलं म्हणून तो डाऊनी या बुरशीची फवारणी काढत नाही. ढग आहेत का, पहाटे पान किती वेळ ओलं राहिलं, गारवा किती, छाटणीला किती दिवस झाले, गेल्या वर्षी याच बागेत डाऊनी होता का, हे सगळं तो एकत्र धरतो. आणि पानावर बुरशी दिसायची वाट बघत नाही. दिसली म्हणजे उशीर झाला, हे त्याला ठाऊक असतं.

गरोदरपणातल्या एका आजाराबाबत डॉक्टरांनी हाच हिशोब बसवला आहे. आजाराचं नाव प्रीएक्लॅम्पसिया. पाच महिन्यांनंतर बी.पी. १४०/९० किंवा त्याच्या वर जातं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या पेशी यांच्यावर परिणाम दिसतो. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीखाली दुखतं, आणि वेळेत आवरलं नाही तर झटके. उपाय शेवटी एकच, बाळंतपण. म्हणून सातव्या महिन्यात हा आजार उफाळला तर आईला वाचवायला अपुऱ्या दिवसांचं बाळ बाहेर काढावं लागतं.

गंमत अशी की हा आजार दिसतो उशिरा, पण त्याची पेरणी झालेली असते फार आधी. पहिल्या काही महिन्यांत वार गर्भाशयात रुजते, तेव्हा आईच्या तिथल्या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. पाट नीट खोदला गेला नाही तर सुरुवातीला काही बिघडत नाही, कारण रोपाला पाणी थोडंच लागतं. बाळ वाढतं, मागणी वाढते, आणि मग अरुंद पाटाचा त्रास सुरू होतो. म्हणजे शोधायचं असेल तर तिसऱ्या महिन्यात, अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान, जेव्हा बाईला काहीच होत नसतं.

लंडनच्या फीटल मेडिसिन फाउंडेशनमध्ये किप्रोस निकोलाइडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी चार गोष्टी एकत्र केल्या. बाईची माहिती (वय, वजन, उंची, आधीची बाळंतपणं, घरातले आजार), नीट मोजलेलं बी.पी., सोनोग्राफीच्या डॉप्लरवर (रक्ताचा प्रवाह मोजणाऱ्या तपासणीवर) दिसणारा गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा, आणि वारेतून रक्तात येणारं पीएलजीएफ नावाचं प्रोटीन. आधी बाईच्या माहितीवरून एक आकडा मांडायचा. मग प्रत्येक मोजणीनं तो वर किंवा खाली सरकवायचा. समजा सुरुवात १:१५० पासून झाली. बी.पी.मुळे ती १:९० वर आली, डॉप्लर उत्तम निघाला म्हणून परत १:२०० वर गेली. इथे टिक नाही, वजावट आणि बेरीज आहे. यादीच्या पद्धतीनं लवकर होणाऱ्या, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत बाळ काढावं लागणाऱ्या प्रकारातल्या १०० पैकी साधारण ४० बायका आधी ओळखता येतात. या एकत्र हिशोबानं ७५ किंवा त्याहून थोड्या जास्त.

आणि ओळखून करायचं काय? ॲस्पिरिन. होय, तीच स्वस्त गोळी. २०१७ मध्ये अस्प्रे नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. या हिशोबात जास्त जोखीम निघालेल्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी दिली होती. खोटी गोळी घेणाऱ्यांत ४.३ टक्के बायकांना तो लवकरचा प्रीएक्लॅम्पसिया झाला, ॲस्पिरिन घेणाऱ्यांत १.६ टक्के. गोळी सोळा आठवड्यांच्या आत सुरू झाली तर खरा उपयोग. सातव्या महिन्यात बी.पी. वाढल्यावर ती सुरू करणं म्हणजे डाऊनीनं घड गळाल्यावर पंप पाठीला लावणं. (आणि ही गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं आणून घ्यायची नाही. दमा, अल्सर, रक्तस्रावाचा त्रास असं काही असेल तर डॉक्टर ती टाळतात.)

इथे एक हिशोब कागद-पेन घेऊन करून बघा, कारण सगळा गैरसमज इथेच होतो. धरून चालू की १,००० गरोदर बायकांपैकी ८ जणींना हा लवकरचा आजार होणार आहे. वरच्या एकत्र हिशोबाची चाळणी त्यांतल्या ६ पकडते. पण ही चाळणी निरोगी बायकांपैकीही दर शंभरात दहा जणींना 'जास्त जोखीम' म्हणते, म्हणजे साधारण ९९. लाल शिक्का मिळालेल्या एकूण १०५ बायका, आणि खरा आजार त्यांतल्या फक्त सहाजणींना होणार. उरलेल्या ९९ जणी म्हणतील, उगाच घाबरवलं. आणि ज्या दोघी चाळणीतून सुटल्या, त्या म्हणतील, सगळं नॉर्मल आहे असं सांगितलं होतं की. दोन्हीकडची तक्रार खरी आहे, तरी चाळणी चुकीची नाही. सहाजणींना वाचवायला ९९ जणींनी एक स्वस्त गोळी घेतली आणि बी.पी. वारंवार मोजून घेतलं, हा सौदा मला परवडणारा वाटतो. हेच ९९ जणींना ऑपरेशन सांगितलं असतं, तर वाटला नसता. जोखमीचा आकडा किती, याच्या इतकंच त्यावर पुढे काय करणार, हेही महत्त्वाचं असतं.

आता तुम्ही म्हणाल, डॉप्लर आणि पीएलजीएफ सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यात कुठून आणायचं? बरोबर. पण हिशोबातला बी.पी.चा आकडा फुकट आहे आणि तोच आपण सर्वात गबाळेपणानं घेतो. नियम साधे आहेत. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला टेका, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, लघवी तुंबलेली नको, मोजताना बोलायचं नाही, आणि दंडाच्या मापाचा पट्टा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर बी.पी. उगाच जास्त दिसतं. त्या दिवशी दवाखान्यात मी पाहिलं, बायका जिना चढून येत होत्या आणि धापा टाकतच हात पुढे करत होत्या. वरून प्रश्न चालूच, "जेवली का? गोळ्या घेते का?"

त्यातही वरचाच आकडा बघायची आपल्याला सवय. तिसऱ्या महिन्यातल्या हिशोबात सरासरी दाब धरतात. खालचा आकडा घ्यायचा आणि वरच्या-खालच्यातल्या फरकाचा तिसरा हिस्सा त्यात मिळवायचा. १३०/७० ची सरासरी येते ९०, आणि १२०/८० ची ९३. 'एकशेवीस-ऐंशी म्हणजे एकदम नॉर्मल' म्हणून जिला घरी पाठवलं, तिची सरासरी १३० वालीपेक्षा जास्त!

माझी आत्या पेठ तालुक्यात आरोग्यसेविका होती. तिच्या काळी हिमोग्लोबिन साहलीच्या नळीनं बघायचे. नळीतल्या ॲसिडमध्ये रक्ताचा थेंब, मग पाणी थेंब थेंब घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. आत्या नळी खिडकीशी धरायची आणि म्हणायची, "आभाळ आलं की अख्ख्या गावाचं रक्त घट्ट होतं बघ." हसण्यावारी न्यायची, पण मुद्दा खरा होता. मोजणी डोळ्यावर आणि उजेडावर अवलंबून होती, आणि त्या मोजणीवर बाईचा रस्ता ठरत होता. आता पट्टीवर थेंब टाकून आकडा दाखवणारं यंत्र आलंय, ही खरी सुधारणा. रेघ कुठे मारायची, हा प्रश्न मात्र तसाच. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तिला ॲनिमिया म्हणतात, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण ४६ टक्के गरोदर बायका त्यात बसल्या. निम्म्या कार्डांवर लाल लावलं तर लाल रंगाला अर्थच उरत नाही. म्हणून ७ च्या खालच्यांना लाल, आणि बाकीच्यांना लोहाच्या गोळ्या आणि पुढच्या वेळी परत मोजणी. ही 'परत मोजणी' झाली नाही, तर ८ वरून ६.५ वर घसरलेली बाई हिरवं कार्ड घेऊन फिरत राहते.

तारखेचंही तसंच. "पाळी कधी आली होती?" "पोळ्याच्या आगेमागे." पोळा कळतो, आगेमागे किती ते कळत नाही. आणि तारीख पंधरा दिवसांनी चुकली तर पुढचं सगळंच चुकतं, बाळ लहान आहे की दिवसच कमी भरलेत, हेसुद्धा. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी म्हणून मोलाची. उशिरा केली तर बाळाच्या आकारावरून अंदाज करावा लागतो, आणि त्याची सूत्रं मुळात परदेशातल्या बाळांवर बेतलेली. इथे अलीकडे एक चांगलं काम झालंय. आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या टीएचएसटीआय या संस्थांनी गुरुग्रामच्या सिव्हिलमध्ये तपासलेल्या गरोदर बायकांच्या माहितीवरून 'गर्भिणी-जीए२' हे सूत्र २०२४ मध्ये मांडलं. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत आपल्याकडच्या बाळांचं वय ते जास्त अचूक सांगतं. परक्याच्या मापाचे कपडे किती दिवस घालायचे, नाही का.

शुगरच्या तपासणीत मात्र आपल्याकडे आधीच शहाणपणा झालाय. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी एकदाच रक्त घेतात. १४० किंवा त्याहून वर गेलं तर गरोदरपणातला मधुमेह. उपाशीपोटी यायची गरज नाही. पाड्यावरून पहाटे निघून दोन तास चाललेल्या बाईला 'उपाशी आली नाहीस, उद्या ये' म्हटलं की ती उद्या येत नाही. आणि ही तपासणी पहिल्या भेटीत एकदा, मग २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. कारण तिसऱ्या महिन्यात ठीक असलेली शुगर सहाव्यात ठीक असेलच असं नाही.

आता हिरव्या स्टिकरबद्दल. मला काळजी खरं तर त्याचीच जास्त वाटते. काही दशकांपूर्वी आफ्रिकेतल्या झाईर, म्हणजे आताच्या डीआर काँगो देशातल्या कासोंगो इथल्या अभ्यासात बाळंतपण अडणार कुणाचं, हे आधीच्या इतिहासावरून ओळखायचा प्रयत्न झाला. ज्यांना धोका सांगितला होता त्यांतल्या ९० टक्के बायकांचं काहीच अडलं नाही. आणि ज्यांचं खरोखर अडलं, त्यांतल्या ७१ टक्के बायका 'धोका नाही' या गटातल्या होत्या. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचंही असंच आहे. तो ज्यांना होतो त्यांतल्या कितीतरी बायकांच्या कार्डावर आधी काहीच लिहिलेलं नसतं, आणि तो झाला तर हातात वेळ फार थोडा असतो. म्हणून दवाखान्यातलं बाळंतपण, बाळ बाहेर आल्याबरोबर दिलं जाणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, रक्ताची सोय आणि १०८ ची गाडी या गोष्टी लाल-हिरवा न बघता सगळ्यांसाठी. 'हिरवं आहे, घरीच करू' या वाक्यानं माणसं गेली आहेत.

त्या बाकावरच्या मुलीला मी एवढंच सांगितलं, की लाल म्हणजे सिझर नव्हे. ऑपरेशनची सोय असेल अशाच ठिकाणी बाळंतपण ठरवायचं, म्हणजे बाळ अडलंच तर धावपळ नको. आणि डॉक्टरांना दोन गोष्टी विचार: लाल कशासाठी, आणि त्यामुळे आता वेगळं काय करायचं? तिनं सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "मग असं सांगायचं ना सरळ."

एक गोष्ट मात्र कुठल्याच रक्ततपासणीत येत नाही. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये कामाला उतरतात. गरोदर बाईही जाते. कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत, बाई बागेतल्या झोपडीत, आणि तिची नोंद तिसऱ्याच आशाताईच्या यादीत. चार महिने कुणी बी.पी. मोजत नाही, आणि नेमके ते सहावा ते नववा महिना असतात. कार्ड ब्लाऊजच्या कापडाच्या पिशवीत घालून बरोबर न्या, आणि बागेजवळच्या उपकेंद्रात ते दाखवा. महागड्या तपासणीनं जे साधणार नाही ते याने साधेल.

आत्याची एक खाजगी वही होती. सरकारी रजिस्टर वेगळं. त्यात प्रत्येक गरोदर बाईपुढे नेहमीचे रकाने आणि शेवटी तिनं स्वतः आखलेला एक: 'रात्री गाडी कुठवर येते'. कुणापुढे 'दारात', कुणापुढे 'शाळेपर्यंत'. एका पानावर एक नाव आहे. तिसरी खेप, बी.पी. ११०/७०, हिमोग्लोबिन ११.४, बाळ सरळ, आधीची दोन्ही बाळंतपणं सुखरूप. शेवटच्या रकान्यात 'ओढ्यापर्यंत, पावसात नाही'. त्या नावाभोवती आत्यानं लाल पेनानं गोल केलाय आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय: आषाढ लागायच्या आत पेठला बहिणीकडे आणणे.